तीन चाकं आणि एक वीत

॥ श्री ॥

मालगुंड,
६ नोव्हेंबर २०२४

ती. दादा यास,
मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दिवाळी झाली. तुझं पत्र पाडव्याला मिळालं. तुझी सून, नितेशची बायको, फोन धरून तुझ्या कानात ओरडत होती ते मला इथे मालगुंडात लख्ख ऐकू आलं आणि शेजारी बसून तुला काही कळलं नाही. जहाजाच्या इंजिनाने तुझे कान नेले, पण हात अजून चालतो, तेव्हा आपलं पत्रच बरं. पोफळीला थंडी पडली असेल. कानाला मफलर बांधत जा, ऐकू येत नसलं तरी थंडी लागतेच.

आता मानेचं सांगते. डॉक्टरांनी फोटो काढला. मणके झिजलेत म्हणे. पाटी डोक्यावर घ्यायची नाही, आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. छत्तीस वर्षं बंदरावरची मासळी डोक्यावरून चार वाड्यांत पोचवली आणि डॉक्टरांनी ती एका वाक्यात खाली उतरवली. सुजय मुंबईहून म्हणाला की आई, बरंच झालं, आता घरी बस. महिनाभर बसले. बसून काय केलं ते सुनेला विचार. डबे तीनदा लावले आणि तिन्ही वेळा मृणालीला साखर सापडली नाही.

मग मृणालीची स्कूटर घेतली. सड्यावर, वरच्या मोकळ्या कातळात नेऊन तिनेच शिकवली, आठ दिवसांत आली. हसू नकोस. बंदरावरून समर्थ त्याच्या रिक्षातून टोपल्या आणतो आणि वाडीच्या तोंडाशी उतरवतो. पुढे घरांच्या दगडी कुंपणांच्या, गडग्यांच्या मधून रिक्षा जात नाही, तिथून मी मासळीचा ट्रे मागे बांधून निघाले. पण दादा, एक गोष्ट मला कळली. दोन चाकांची गाडी चालताना पडत नाही, थांबताना पडते, आणि माझा धंदाच थांबण्याचा आहे. दर दारात थांबायचं. वाट उताराची, खाली जांभ्याची खडी, मागे तीस किलो मासळी आणि बर्फ. पाय टेकला की खडी सरकते आणि मागचं वजन एका बाजूला ओढतं. परवा चिमाकाकीच्या दारात थोडी घसरले. मला काही झालं नाही. बांगडे मात्र खळ्यात पसरले आणि तिच्या मांजरांची दिवाळी दोन दिवस लांबली.

तेव्हा माझं काम असं आहे. मला तीन चाकांची मोटारसायकल हवी. रिक्षा नको, टेम्पो नको. वाटेत मावेल, थांबली की आपली आपण उभी राहील आणि माझ्यासारखीला परवडेल अशी साधी गाडी. तू जगभराची बंदरं पाहिलीस. कुठे मिळते ते कळव.

वहिनींना नमस्कार. नितेशच्या सानवीला पापा. यंदाच्या आमसुलांची बरणी समर्थच्या मेव्हण्याबरोबर पाठवली आहे.

कळावे. माझी मान वाकत नाही, पण लोभ पूर्वीसारखा तुझ्याकडेच झुकलेला असू दे.

तुझी,
मालन

*

पोफळी,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मालन हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

आमसुलं मिळाली. सोलकढी झाली. तुझ्या त्या रातांब्याची सर बाजारातल्या आमसुलांना नाही, हे दरवर्षी लिहितो, यंदाही लिहितो.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा रागावलो, तिसऱ्यांदा वहिनीला वाचून दाखवलं, आणि ती तुझ्या बाजूने बोलायला लागली म्हणून मिटून ठेवलं. अगं, आमच्या सानवीने तीन चाकांची सायकल दोन वर्षांपूर्वी टाकली. तू अठ्ठावन्नाव्या वर्षी मागतेस!

फिटर म्हणून सांगतो, भाऊ म्हणून नव्हे. दोन चाकांची गाडी वळताना आतल्या बाजूला कलते, म्हणून पडत नाही. तीन चाकांची कलत नाही. वेगात वळवलीस तर बाहेरच्या अंगाला उलटी होईल. परदेशात पुढे दोन चाकं असलेल्या आणि वळताना कलणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. एका बंदरावर तिथला पोस्टमन अशाच गाडीवर यायचा, मी तासभर तिच्या पोटाखाली डोकं घालून बसलो होतो. पण तशी गाडी आणायची तर हापूसची एक चांगली बाग विकावी लागेल. आपल्याकडे साध्या माणसाला परवडेल अशी कोणी बनवत नाही. मी नितेशला सगळीकडे चौकशी करायला लावली. मिळतात ते मालाचे टेम्पो, आणि त्यांना तुझ्या वाटेत चाक ठेवायला जागा नाही.

सुजयचं पत्र नाही, पण त्याने नितेशला फोन केला होता. पोरगा काळजीत आहे. काळजीत आहे म्हणजे तुझं ऐकायचं नाही असं त्याने ठरवलंय. मला त्याचं पटतं. आयुष्यभर राबलीस. सुनेच्या हातचा चहा घे, नातेवाइकांकडे जा, इथे चार दिवस ये. आता बस.

कळावे. रागावलीस तरी उत्तर टाळू नकोस, एवढा लोभ ठेव.

तुझा,
भिकादादा

*

मालगुंड,
२० नोव्हेंबर २०२४

ती. दादा यास,
नमस्कार. शिरसाष्टांग घालत नाही, मान वाकत नाही आणि आज घालावासाही वाटत नाही.

रागावले आहे. तरी उत्तर देते.

आधी तुझ्या फिटरकीचं. गाडी वेगात वळली तर उलटेल म्हणतोस. आमच्या वाटेत मी कुठे वेगात वळणार आहे? गाय आडवी आली तर मी थांबते, म्हातारा आडवा आला तर त्याच्या गुडघ्यांची चौकशी होईस्तोवर थांबते. मला पळणारी गाडी नकोच. मला उभी राहणारी गाडी हवी.

आता सानवीच्या सायकलचं. बरं झालं तूच काढलंस. लहान पोराला पहिली सायकल देतो ती तीन चाकांची देतो, तेव्हा कोणी त्याला हसतं का? तोल येत नाही, तर एक चाक जास्त घे, इतकी साधी गोष्ट. मग मोठ्या माणसाची पहिली गाडी तीन चाकांची का नको? तोल जन्मभर सगळ्यांना सारखाच असतो काय? गाड्या बनवणाऱ्यांनी ठरवून टाकलंय की माणसाने एक तर दोन चाकांवर कसरत करावी, नाहीतर चार चाकांचे पैसे मोजावेत. मधली माणसं त्यांनी पाहिलीच नाहीत. वरच्या वाडीतली कमळा दुधाच्या किटल्या घेऊन चालत फिरते, कारण दोन्ही बाजूंच्या किटल्या डचमळल्या की स्कूटर लडखडते. आरोग्य केंद्रातली संस्कृती सहा वर्षांपूर्वी एकदा पडली ती पुन्हा गाडीला शिवली नाही, आता रोज दोन वाड्या तंगडतोड करते. ही काय लंगडी माणसं आहेत? धडधाकट आहेत. त्यांना एक चाक कमी पडतंय, एवढंच.

आणि तुझं ते शेवटचं. "आता बस." दादा, तू बासष्टाव्या वर्षापर्यंत जहाजावर होतास. तुला कंपनीने थांबवलं तेव्हा तू सहा महिने कोणाशी धड बोलला नाहीस, वहिनी मला रडत लिहायची. तुला कोणी बस म्हणालं तर ते दुःख, आणि मला म्हणालं तर ती विश्रांती?

मला घरी बसायची भीती वाटते. हे मी सुजयला सांगितलेलं नाही, तुला सांगते. ज्या दिवशी मी दारोदार जायची थांबले, त्या दिवशी मी संपले. भात मला सून घालेल, पण चार वाड्यांत माझी हाक ऐकून माणसं दारात येतात, ती मला कुठून आणून देशील? चिमाकाकीच्या घरी माझ्याशिवाय दिवसभरात कोणी डोकावत नाही. मी महिनाभर घरी बसले तेव्हा तिने सुके बोंबील खाऊन दिवस काढले आणि कोणाला सांगितलं नाही.

मिळत नाही म्हणतोस. मिळत नसेल तर बनव. जन्मभर जहाजं दुरुस्त केलीस, एक चाक लावता येत नाही काय? आणि हे वाचून पाणी पी. शिकाऊ लायसन मी काढलं आहे. कॉम्प्युटरवर मराठीत परीक्षा दिली. शेजारचा कॉलेजचा मुलगा नापास झाला, मी पास झाले.

कळावे. लोभ आहे की नाही ते गाडी आल्यावर कळवीन.

तुझी,
मालन

*

मालगुंड,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
मृणालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. लग्नाला सात वर्षं झाली. आईंचं तुम्हाला आलेलं उत्तर पेटीत मीच टाकलं, पण वाचलं नाही. पत्र चिकटवताना त्यांचा चेहरा पाहिला, तेवढं पुरे होतं.

आईंना कळू देऊ नका, पण तुम्हाला खरं माहीत हवं. चिमाकाकीच्या दारात त्या "थोड्या" घसरल्या नाहीत. गाडी पायावर आली. गुडघ्याखाली सात टाके पडले. त्यांनी मला शपथ घातली की सुजयना आणि मामांना सांगायचं नाही. मी शाळेतल्या मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवते आणि घरी हे करते, त्याचं मला फार जड जातं. ह्यांना मात्र मी सांगितलं. त्यामुळेच ह्यांनी नितेशभाऊंना फोन केला आणि तुमच्याकडून नकार मिळवला.

मामा, ह्यांची भीती खरी आहे. मलाही वाटते. पण महिनाभर मी आईंना घरात पाहिलं आहे. समर्थभाऊंच्या रिक्षाचा आवाज वाडीच्या तोंडाशी आला की हातातलं काम टाकून त्या पडवीत येऊन उभ्या राहायच्या. रिक्षात टोपल्या नाहीत हे माहीत असून. रिक्षा गेली की आत जाऊन डबे लावायच्या. मला ते बघवत नाही.

शिवाय तुम्ही नाही म्हणालात तरी त्या ऐकणार नाहीत. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे त्या दोनदा जाऊन आल्या आहेत. भाजीच्या हातगाडीची दोन चाकं माझ्या स्कूटरला लावता येतील का, असं विचारत होत्या. तो हो म्हणाला आहे. तो ग्रिल बनवतो, मामा. त्याला गाडीतलं काही कळत नाही.

गाडी तर त्या चालवणारच. ती तुमच्या हातची असावी की त्याच्या, एवढंच आता ठरायचं आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा करा.

मामींना नमस्कार. सुनेवरही लेकीसारखीच माया असावी.

आपली,
मृणाली

*

पोफळी,
५ डिसेंबर २०२४

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर उशिरा देतो, कारण रोज लिहून रोज फाडत होतो. तू शब्दांचा मार चांगला देतेस. सहा महिने मी बोललो नाही, हे खरं आहे.

नितेशची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल शेडमध्ये धूळ खात पडली होती. ती मी काल खोलली. कॉलनीबाहेरच्या गॅरेजमधला दर्शन मदतीला आहे. मला ऐकू येत नाही आणि त्याला बोलायला आवडत नाही, त्यामुळे काम फार छान चाललंय.

मागे एकाच्या जागी दोन चाकं लावतो. चेन एकाच चाकाला देणार. दोन्हीला दिली तर वळताना चाकांची आपसात ओढाताण होईल. दोन चाकांच्या मधे मासळीची पेटी, जमिनीपासून जेमतेम एक वीत वर. वजन जितकं खाली तितकं बरं. रिकामं जहाज लाटेवर डोलतं म्हणून त्याच्या तळात पाणी भरतात, तसं तुझ्या पेटीत वजन पाहिजे. जाताना मासळी आणि बर्फ आहेच. येताना पेटी रिकामी असेल तेव्हा जांभ्याचे दोन चिरे टाकायचे. ते उचलायचे दुसऱ्या कोणीतरी. विसरायचं नाही.

चाकं जितकी लांब लांब तितकी गाडी ठाम. म्हणून वाटेची रुंदी हवी. सगळ्यात अरुंद वाट तुझ्या आणि तुझ्या जावेच्या, हौसाच्या गडग्यांमधली. तुझे यजमान गेले त्यानंतर तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा तुझा गडगा मीच घातला. तुझा चुलत दीर रामा समोर उभा होता आणि त्याच्या संमतीने मी वाट सोडली ती तीन हात, माझ्या हाताने, कोपरापासून बोटापर्यंत. माझ्या लक्षात आहे. तरी टेप लावून मोज आणि सेंटिमीटरमध्ये कळव.

वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नकोस. मला कसं कळलं ते विचारू नकोस. टाके निघाले का तेही कळव.

कळावे. शब्दांचा मार आवरता घे, लोभ आवरू नकोस.

तुझा,
भिकादादा

*

मालगुंड,
१२ डिसेंबर २०२४

ती. दादा यास,
शि. सा. नमस्कार. आज पूर्ण घालते, मान मोडली तरी चालेल.

टाके निघाले. मृणालीशी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी तिला पापलेट तळून घातलं.

वाट तीन हातच आहे. तू सोडलीस तेवढीच. टेप मृणालीच्या शाळेत आहे, ती आणायची विसरते. मोजायचं काय त्यात? गडग्याला काय पाय फुटतात? तू आपला तुझ्या हाताने मोजून चाकं लाव.

घाईत लिहिते आहे. लोभ उतू जातोय, झाकण ठेव.

तुझी,
मालन

*

पोफळी,
२७ जानेवारी २०२५

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

नितेश रविवारी टेम्पोतून गाडी घेऊन येईल. त्याला घाई आहे, उतरवून लगेच परत फिरेल. हे पत्र आधी मिळेल अशा बेताने टाकतो.

गाडीची रुंदी माझ्या तीन हातांना आठ बोटं कमी. दोन्ही बाजूंना चार चार बोटं मोकळी राहतील. चालवून पाहिली. मी स्वतः कॉलनीच्या मैदानात वीस फेऱ्या मारल्या. पोरं गोळा झाली. पहिल्या फेरीला हसत होती, दहाव्या फेरीला रांग लावून उभी होती. थांबलो की पाय वर घेऊन नुसता बसून राहायचो. मालन, काय सुख आहे गं ते! चाळीस वर्षं यंत्रांत काढली आणि हे सुख कोणी स्वस्तात का विकत नाही, हा प्रश्न मलाही पडायला लागलाय. नोव्हेंबरात तुला हसलो ते मागे घेतो.

आता नीट वाच. हिला मागे जाण्याचा गिअर नाही. पुढे गेलीस की गेलीस. वळताना हँडलशी झटापट करायची नाही, अंग आतल्या बाजूला टाकायचं. आणि गाडी बदलली आहे, म्हणजे कागद पास होईपर्यंत डांबरी रस्त्यावर चाक ठेवायचं नाही. वाडीच्या वाटा आपल्या माणसांच्या जागेतल्या आहेत, तिथेच फिरव. वचन दे.

पेटीवर बांगडा सानवीने रंगवलाय. त्याला डोळे दोन्ही एकाच बाजूला आहेत, पण तिला ते सांगायचं नाही.

कळावे. गाडी जपून, लोभ सढळ.

तुझा,
भिकादादा

*

मालगुंड,
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादा यास,
मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. मृणाली म्हणाली की तुम्ही लिहिणार नसाल तर मी लिहीन. म्हणून लिहिते.

नितेशने वाडीच्या तोंडाशी गाडी उतरवली आणि तो गेला. अर्धी वाडी जमली होती. नारळ फोडला. कमळा आली, संस्कृती आली, चिमाकाकीला समर्थने धरून आणली. मी पदर खोचला आणि गाडी घरापर्यंत स्वतः नेणार म्हणून निघाले. दादा, गाडी अशी चालली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोनदा मुद्दाम थांबले. पाय टेकला नाही. गाडी उभी! माणसं टाळ्या वाजवत मागून येत होती.

हौसाच्या आणि माझ्या गडग्यांच्या मधे शिरले आणि निम्म्या वाटेत करकर आवाज झाला. दोन्ही चाकं दोन्ही गडग्यांना लागली. पुढे जाईना, मागे जायचा गिअर नाही. मी मधे, बाटलीत बूच बसावं तशी. 

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी सगळ्यांदेखत म्हणाले की दादाचं वय झालं, त्याने माप चुकवलं.

हौसा तिच्या गडग्यापलीकडे सूप घेऊन उभी होती. अकरा वर्षांत आम्ही जावा एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो. शेजारी राहून ती मासळी दुसऱ्या वाडीतून आणायची, माझ्याकडून घ्यायची नाही. ती तांदूळ पाखडत पाखडतच म्हणाली की भिकाभाऊंच्या मापाला नाव ठेवू नकोस, भिकाभाऊ परत जहाजावर गेले त्याच वर्षीच्या श्रावणात गडगा एक वीत पुढे आलाय, आणि तो चालत आलेला नाही.

खरं आहे, दादा. तू गेल्यावर मी गडी लावून गडगा वीतभर वाटेत सरकवला. वाटेच्या कडेला तो दोन्ही घरांचा सामाईक रातांबा होता ना, तो मला आत हवा होता. हे जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती, सगळे मला आता काय ही एकटी बाई असं बघत होते, आणि मला वाटलं, एक झाड तरी मी माझ्या जोरावर आत घेऊन दाखवीन. रामाभावजी काही बोलले नाहीत. हौसाने बोलणं टाकलं, आणि का टाकलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. अकरा वर्षं तू ज्या आमसुलांची सोलकढी करतोस, ती त्याच झाडाची. तू माप विचारलंस तेव्हा टेप घरातच होती, शिवणाच्या डब्यात. मोजलं असतं तर आकडा कमी आला असता आणि तू कारण विचारलं असतंस. म्हणून मोजलंच नाही. मनाची समजूत घातली की वीतभराने काय होतंय.

मी तिथेच गाडीवर बसून हौसाला विचारलं की मग अकरा वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली की बोलून काय झालं असतं, तू भांडली असतीस आणि रातांबा तुझाच राहिला असता, म्हणून मी वाट बघत होते की कोणीतरी यात एकदा अडकेल. तूच अडकशील असं मात्र वाटलं नव्हतं, असंही म्हणाली. मग सूप खाली ठेवून ती वाटेत उतरली आणि तिने, रामाभावजींनी आणि मृणालीने गाडी मागे ओढून काढली. मी वरच बसून होते. उतरायला जागाच नव्हती.

तुझं नाव मी चार माणसांत खाली घातलं, ते त्याच चार माणसांत वर काढीन. आता सांग, चाकं आत घेता येतील का? गाडी वाडीच्या तोंडाशी समर्थच्या छपरात आहे. घरी येऊ शकत नाही.

माझी लाज वाटली तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
मालन

*

पोफळी,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की वहिनीला वाटलं मला काही झालं. मग थोडं वाईटही वाटलं. त्या वर्षी मी तीन आठवडे राहून परत गेलो. तू एकटी पडलीस, हे मला जहाजावर कळलं नाही. कळायला हवं होतं.

माझा स्वतःवरचा राग वेगळा आहे. केसाइतकी फट मोजण्यात मी जन्म घालवला, आणि बहिणीच्या वाटेचं माप अकरा वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून धरलं. दर्शनने टेपचं विचारलं होतं. मी म्हणालो की गडगा मीच घातलाय.

आता उत्तर. चाकं आत घेता येतील, मी घेणार नाही. वीतभर आत घेतली की गाडी पहिल्या उतारावर उलटेल. तू मला पानभर पत्र लिहून तीन चाकांची बाजू मांडलीस आणि मला ती पटवलीस. पटलेलं मी आता एका गडग्यासाठी सोडणार नाही. चाक जागचं हलणार नाही, गडगा हलव.

लोभ वीतभरही कमी झालेला नाही. मोजून लिहितो आहे.

तुझा,
भिकादादा

*

मालगुंड,
२२ एप्रिल २०२५

ती. दादा यास,
मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गडगा हलवला. पहिला चिरा मी पहारीने सैल केला, तो पडताना सगळ्यांना बोलावलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले की माझ्या भावाचं माप बरोबर होतं, माझी नियत चुकली होती. चिमाकाकीला ऐकू आलं नाही म्हणून दोनदा म्हणावं लागलं. पुढचं रामाभावजींनी आणि समर्थने केलं. तुझ्या जुन्या ओळीवर गडगा गेला आहे, टेप लावून. एकशे चाळीस सेंटिमीटर. रातांबा पुन्हा गडग्याबाहेर आहे, वाट रुंदावते तिथल्या कडेला. झाड फळांनी लाल झालंय, आणि यंदा रातांबे हौसा काढणार. तुझी आमसुलं तिच्याकडून येतील, वाईट वाटून घेऊ नकोस, झाड तेच आहे.

मी हरले असं समजू नकोस. झाड दिलं, गाडी सोडली नाही.

आता रोजचं ऐक. दोन महिने झाले, चारही वाड्या फिरते. एकदाही पडले नाही. दारात थांबते, बसल्या जागी वजन करते, बसल्या जागी बोलते. पहिलं दार आता हौसाचं. पहिल्या दिवशी तिने अर्धा किलो सौंदाळे घेतले आणि मासे ताजे नाहीत म्हणाली. समुद्रातून येऊन त्यांना दोन तास झाले नव्हते! मला इतकं बरं वाटलं. परत येताना पेटीत दोन चिरे, गडग्याचेच, ते मी बाजूला ठेवून घेतले. रामाभावजी चढवतात, उतरवतात. कमळा गाडी चालवून बघून गेली, परवा पुन्हा आली, आता तिचा भाऊ तुला पत्र लिहिणार आहे. संस्कृती अजून नुसती बसून बघते. बसू दे.

सुजयने मुंबईहून हेल्मेट पाठवलंय. बरोबर चिठ्ठी नाही. मृणाली म्हणते, हे त्यांचं बोलणंच समजा. मी ते घालते, मानेला जड होतं तरी घालते.

कागदांचं मात्र अडलंय. गाडी टेम्पोत घालून आरटीओत नेली होती. ऑफिसातले साहेब सज्जन होते, त्यांनी उभं राहून गाडी पाहिली, पेटीवरचा बांगडाही पाहिला. पण त्यांच्याकडच्या नियमात असं जोड चाक फक्त अपंगांच्या गाडीला बसतं. बाहेरचा एक माणूस मागून आला आणि अपंगत्वाचा दाखला मिळवून देतो म्हणाला. मान दुखते ना, मग झालं तर, म्हणाला. मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. लिहिलं की माझे दोन्ही पाय धड आहेत आणि दोन्ही हात धड आहेत. छत्तीस वर्षं या पायांनी चार वाड्या चढले. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्या नावाचा दाखला मी खोटा घेणार नाही. मी अपंग नाही, आणि मला तीन चाकं हवीत. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या असू शकतात, हे आपल्या नियमात कुठे लिहायचं ते कृपया कळवावे. साहेबांनी वाचला, थोडं हसले आणि वर पाठवतो म्हणाले. पोच घेतली आहे. उत्तर आलं नाही तर दर महिन्याला एक अर्ज लिहीन. मला पत्रं लिहायची सवय आहे, हे त्यांना माहीत नाही. तोवर डांबरावर चाक ठेवलेलं नाही, तुला वचन दिलंय.

आता तू ये. आंबे तयार आहेत. वाडीच्या तोंडापर्यंत समर्थची रिक्षा आहे. तिथून घरापर्यंत चढ आहे आणि तुझे गुडघे माझ्या मानेसारखेच झालेत, हे वहिनीने मला लिहिलंय. काळजी करू नकोस, तिथून मी नेईन. पेटी धुवून त्यावर गोधडी घालते. माशांचा वास येईल, तो सोसायचा. "आता बस" असं तू मला लिहिलं होतंस, तेच मी तुला म्हणते, पण माझ्या गाडीत.

कळावे. लोभ पेटीत भरून ठेवला आहे, येताना जागा करून बस.

तुझी,
मालन

*

पोफळी,
२ मे २०२५

चि. मालन हिस,
अनेक आशीर्वाद.

अर्जाची एक प्रत मला पाठव. खाली मलाही सही करायची आहे. दर्शनही करणार आहे, आणि कमळाच्या भावाचं पत्र आलं, तोही करील.

दहा तारखेला शनिवारी दुपारच्या गाडीने निघतो. एकटाच येतो, बॅग लहान आहे. गाडी कशी चालवतेस ते बघायचंय. आरडाओरडा करणार नाही, आणि तू केलास तर मला ऐकू येणार नाही.

हौसाला आणि रामाला नमस्कार सांग. मृणालीला सांग की तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

लोभ आहे, तो आता तीन चाकांवर आहे, तेव्हा पडायची भीती नाही.

तुझा,
भिकादादा

ता. क. दवाखान्यात वजन करून आलो. बासष्ट किलो भरलो. त्या दिवशी पेटीतले चिरे काढून ठेव.